ॲस्पर्जर सिंड्रोम : काही प्रश्न, काही गैरसमज

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली वर्णिलेली ही अवस्था आज स्वमग्नतेचाच एक प्रकार मानली जाते. अशा मुलांची बुद्धी सहसा उणी नसते. परंतु सूचक बोलणे उमगत नाही, नजरेला नजर देणे जड जाते, ठरलेला क्रम मोडला की जीव कासावीस होतो.

पालक आम्हांस विचारतात : मूल उद्धट आहे काय? नाही. आईच्या संगोपनाचा दोष काय? नाही, मेंदूची घडणच जन्मतः वेगळी असते. लग्नाने सुधारेल काय? नाही. मग पूर्वजन्मीचे पाप? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला. ज्या तर्काने आपल्या पूर्वजांच्या माथी अस्पृश्यता मारली, तोच आपण आपल्या लेकरांवर लादावा काय?

वसतिगृहात आपण सूचना थेट द्याव्यात, वेळापत्रकातील बदल आधी सांगावा, भोजनगृहातील गोंगाट असह्य झाल्यास शांत जागा द्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी पालकांनी अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. हक्क मागण्यात कमीपणा मानू नये.