किलोमीटर मोजू नका, सांधे मोजा

महामार्गाच्या कामाची प्रगती आपल्याकडे किलोमीटरमध्ये सांगतात. एवढा टप्पा चौपदरी झाला, एवढा राहिला, उड्डाणपूल एवढे टक्के पूर्ण. भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ ने, म्हणजे जुन्या सहा क्रमांकाच्या महामार्गाने, आम्हा इथल्या लोकांना मात्र दुसरीच मोजणी शिकवली. झालेला रस्ता आणि राहिलेला रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, तिथे माणसे मरतात. चार पदर संपून दोन होतात ती जागा, डांबर सोडून गाड्या मुरमाच्या डायव्हर्शनवर उतरतात ती जागा, उड्डाणपुलाशेजारचा सर्व्हिस रोड पुन्हा मुख्य रस्त्याला लागतो ती जागा. असे सांधे किती उरले आहेत आणि त्यांची देखभाल कोण करतो, हे जोवर कुणी मोजत नाही, तोवर प्रगतीचा कोणताही आकडा रस्त्यावरच्या माणसाच्या कामाचा नाही. माझे सगळे म्हणणे एवढ्यावरच आहे. ते कशावरून म्हणतो आणि त्यातून काय शिकावे, ते इथे मांडतो.

आधी हा रस्ता समजून घ्यावा लागेल. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा हा महामार्ग नागपूर सोडल्यावर मौदा, भंडारा, लाखनी, साकोली असा जातो आणि गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीवरून छत्तीसगडात शिरतो. भिलाईचे पोलाद, रायपूरकडचा माल, गडेगावच्या कारखान्यातून निघालेले नवे ट्रक, वैनगंगेच्या रेतीचे टिप्पर, सगळे याच वाटेने. त्याच वाटेवर रोवणीला निघालेल्या बायकांनी भरलेली मालवाहू गाडी, धानाची पोती लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, शाळेची सायकल, एसटी आणि संध्याकाळी घरी परतणारी गुरे. जिल्हा ओळखला जातो तो तलावांसाठी आणि धानाच्या बांध्यांसाठी, त्यामुळे बाहेरच्या चालकाला हा सगळा सपाट मुलूख वाटतो. पण लाखनी आणि साकोली यांच्यामध्ये मोहघाट्याचे जंगल लागते आणि देवरीजवळ मासूलकसा घाट. सह्याद्रीतला घाट चालकाला दुरून दिसतो, तो आधीच गियर बदलतो. इथला चढ-उतार इतका अंगचोर आहे की वेग कमी करायचे कुणाच्या लक्षात येत नाही.

या महामार्गाचे चौपदरीकरण झाले तेव्हा मोकळ्या शिवारातला रस्ता भराभर रुंद झाला आणि जंगलातले तुकडे वर्षानुवर्षे दोनपदरी राहिले. नागपूरकडून निघालेला ट्रक कित्येक किलोमीटर दुभाजकाच्या भरवशावर धावायचा आणि जंगलाच्या तोंडाशी अचानक समोरासमोरच्या वाहतुकीत शिरायचा. चालकाची नजर, पाय आणि अंदाज तोवर चौपदरीला सरावलेले असत. म्हणजे आधीचा रस्ता जितका चांगला, तितका पुढचा सांधा अधिक धोकादायक. धानाच्या बांधीचे पाणी नवा आणि जुना बांध जिथे जुळतो तिथूनच फुटते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून तो पाऊस येण्याआधी तीच जागा चोपून घेतो. रस्त्याच्या बाबतीत मात्र जुळणीची जागा शेवटी, उरल्यासुरल्या मुरमाने आणि उरल्यासुरल्या लक्षाने भागवली जाते.

हे नुसते मत नाही, त्यामागे साधे गणित आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या (आयआरसी) मानकांनुसार ताशी ४० किलोमीटर वेगाच्या गाडीला अडथळा दिसल्यापासून सुरक्षित थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात, ६० च्या वेगाला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर. वेग अडीचपट झाला की अंतर चौपट होते. उतारावर आणि ओल्या रस्त्यावर त्यात भर पडते, भरलेल्या ट्रकला आणखी जास्त लागते. आता रात्रीचा विचार करा. खालच्या झोताच्या दिव्यात तेवढ्या दूरचे दिसतच नाही. त्यामुळे वळणाचा फलक डायव्हर्शनच्या तोंडाशीच लावला असेल, तर तो वाचता येईपर्यंत गाडी थांबवण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणूनच कामाच्या जागेवरील वाहतुकीसाठी आयआरसी एसपी ५५ या मार्गदर्शिकेत रस्त्याचे चार भाग सांगितले आहेत: आगाऊ सूचनेचा, वाहतूक हळूहळू वळवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि पुन्हा मूळ मार्गावर आणण्याचा. चारांपैकी तीन भाग सांध्याचेच आहेत. नियम करणाऱ्यांना धोका कुठे आहे हे नीट ठाऊक होते.

पावसाळ्यातले एखादे डायव्हर्शन जवळून पाहिले की कागद आणि जमीन यांतले अंतर कळते. मुरूम टाकून दाबलेला तो रस्ता पहिल्या झडीपर्यंत टिकतो. मग ट्रकच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात, मधला भाग उंच राहतो आणि खड्ड्यात पाणी साचले की खोली कळत नाही. मातीची पोती, चुना मारलेला ड्रम, झाडाची फांदी एवढाच काय तो इशारा. त्याहून फसवी असते ती डांबराच्या कडेची पायरी. एका पदरावर नवा थर चढलेला आणि शेजारचा पदर चार बोटे खाली. चारचाकीला ती नुसती आदळते. पण मोटारसायकलवाला मागच्या ट्रकला वाट देण्यासाठी खाली उतरला आणि लगेच तिरका वर चढायला गेला, तर पुढचे चाक कडेला घासत राहते, हँडल फिरते आणि गाडी पडते ती रस्त्याच्या आत, मागून येणाऱ्या चाकांसमोर. अशा अपघाताची नोंद बहुधा चालकाचा ताबा सुटला अशी होते. चार बोटांच्या पायरीचा उल्लेख कुठेच नसतो.

गावांमध्ये सांध्याचे रूप वेगळे. लाखनी आणि साकोली येथे उड्डाणपूल उभे राहत असताना महामार्गाची सगळी वाहतूक बाजारपेठेच्या दारातून, दोन्ही बाजूंच्या अरुंद रस्त्यांवरून गेली. पूल झाले आणि गावांची सुटका झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. भंडारा शहरातूनही वर्षानुवर्षे अवजड वाहतूक भर वस्तीतून आणि वैनगंगेच्या पुलावरून गेली. शहराबाहेरून नदी ओलांडणाऱ्या सहापदरी वळणमार्गाने तो भार हलका केला. पण वळणमार्गाला दोन टोके असतात आणि तिथे वेगात असलेली लांब पल्ल्याची वाहतूक गावातून येणाऱ्या दुचाकीला भेटते. काम पूर्ण झाले असे जाहीर झाल्यानंतरही हे सांधे उरतातच, म्हणून त्यांची मोजणी उद्घाटनाला थांबता कामा नये.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: जंगलवाल्यांनी अडवले नसते, तर हे तुकडे कधीच झाले असते. वेळ गेला हे खरे, पण वाघांसाठी वाट ठेवल्यामुळे तो गेला, हे खरे नाही. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला २०१३ मध्ये. पण दोहोंदरम्यान प्राणी ये-जा करतात आणि मधून महामार्ग जातो, हे त्याआधीही गुपित नव्हते. पहिल्या आराखड्यातच खालून वाट ठेवली असती, तर थांबण्याची वेळ आली नसती. नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी नऊ बांधकामे झाली, त्यांतले सर्वांत लांब ७५० मीटरचे. तिथल्या कॅमेऱ्यांनी वाघांसह अनेक प्राणी पुलाखालून जाताना टिपले. मोहघाट्यातही शेवटी त्याच पद्धतीने रस्ता उचलून घ्यावा लागला. उलट, अशी सोय नसलेल्या गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये एका तरुण वाघाला मोटारीने उडवले. प्राण्याला धडकणारी गाडी माणसेच चालवत असतात, म्हणजे हा प्रश्न माणसांच्याही जिवाचा आहे. उशिरा घेतलेल्या निर्णयाची किंमत दोनपदरी तुकड्याने आणि त्यावरून जाणाऱ्यांनी भरली, असा माझा निष्कर्ष आहे.

दुसरा आक्षेप असा की चालक बेदरकार असतात, त्याला अभियंता काय करणार? चालकांची चूक असतेच. पण २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, ज्यांचा एकूण रस्त्यांतला वाटा जेमतेम दोन टक्के आहे. महामार्गावर वाहने आणि वेग जास्त, हे धरूनही ही तफावत केवळ स्वभावदोषाने समजत नाही. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीचेच घ्या. शेत पलीकडे आणि वळायची जागा दोन किलोमीटरवर असेल, तर माणूस उलटा येणारच. हे त्याचे समर्थन नाही, पण शेकडो माणसे रोज तीच चूक एकाच जागी करत असतील, तर त्या जागेचा आराखडा तपासायला हवा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एवढी शिस्त पाळायची तर काम रेंगाळेल, थोडे दिवस सोसा. याला कोकणातून उत्तर मिळते. मुंबई-गोवा महामार्गावर परशुराम घाटाच्या रुंदीकरणासाठी २०२२ च्या उन्हाळ्यात रोज दुपारी ठरावीक तास वाहतूक बंद ठेवली आणि पर्यायी मार्ग आधी जाहीर केला. लोकांनी कुरकुर केली, पण कधी निघायचे हे त्यांना माहीत होते आणि कामगारांना मोकळा डोंगर मिळाला. जाहीर केलेला बंद वाहतुकीला आणि कामाला दोघांनाही सोयीचा असतो. अंगावर येते ते न सांगता वळवलेले वळण. आणि ‘थोडे दिवस’ म्हणाल, तर ज्या तुकड्यावरून एक पिढी शाळेत गेली, तो तात्पुरता म्हणता येत नाही.

आता यातून शिकायचे काय? लांबच्या प्रवाशाने निघण्याआधी काम कुठे चालू आहे हे विचारून घ्यावे आणि तो टप्पा उजेडात पार होईल असे निघावे. चार पदर संपत असल्याची पहिली खूण, म्हणजे ड्रम, पोती, बुजलेले पट्टे, दिसताच वेग ४० वर आणावा. पुढच्या ट्रकच्या मागोमाग डायव्हर्शनमध्ये शिरू नये, कारण खड्डा त्याच्याखाली लपलेला असतो. दुचाकीस्वाराने डांबराची पायरी तिरकी चढू नये. वेग कमी करून, मागे पाहून, शक्य तितके काटकोनात चाक वर घ्यावे. पावसात साचलेल्या पाण्यातून जाण्यापेक्षा थांबलेले बरे. मळणीच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावावी, तणस बाहेर लोंबू देऊ नये, आणि रस्त्याचा कोणताही पदर धान वाळवायला वापरू नये. मोकळी जागा मिळत नाही ही अडचण खरी आहे, तरीही रात्री त्या ढिगाला चुकवणारा आपल्याच गावातला असतो.

गावाने आणखी एक काम करावे. आपल्या हद्दीतले सांधे मोजून ग्रामसभेत ठराव करावा, प्रत्येक जागेचा फोटो जवळच्या किलोमीटर दगडासकट काढावा आणि लेखी तक्रारीची पोच घ्यावी. तातडीचा धोका असेल तर महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर कळवावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण जबाबदारी कायद्याने मान्य केली आहे आणि ती सिद्ध करायला तारखेसह पुरावा लागतो. कलम १३४अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देते, म्हणून पोलिसांच्या झंझटीच्या भीतीने कुणी पाय मागे घेऊ नये.

यंत्रणेकडे माझी मागणी मोजकी आहे. कामाच्या प्रगतीचा जो फलक लागतो, त्यावर किलोमीटर आणि टक्के यांच्यासोबत उघडे सांधे किती, प्रत्येकाची जबाबदारी कुणाची आणि तो कधी बंद होणार हेही लिहा. जून उजाडण्याआधी प्रत्येक डायव्हर्शन डांबरी करा, नाहीतर ते उघडू नका. देयक देताना बांधलेल्या लांबीइतकेच वजन सुरक्षित ठेवलेल्या सांध्यांना द्या. रस्ता व्हावा असे या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला वाटते, कारण दवाखाना, बाजार आणि नोकरी त्याच रस्त्याने जवळ येते. तो होत असतानाही त्यावरून माणसे जाणार आहेत, हे गृहीत धरून काम झाले पाहिजे.