पद्मिनीचं हेड उतरवताना

आमची प्रीमियर पद्मिनी बाबांनी घेतलेली. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत ती अजून उभी आहे आणि चालते. गाडी तशी शेजारचीच, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. हे मॉडेल आधी 1964 ची फियाट 1100 डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग 1974 पासून पद्मिनी. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनावर हात बसलेले वस्तादही आता कमी होत चालले आहेत, म्हणून हेड उतरवून गॅस्केट बदलण्याचं हे काम लिहून ठेवतो.

1. गॅस्केट आपणहून उडत नाही. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गाडी एकदा जबर गरम झाली की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट मार खातं. म्हणून नवं गॅस्केट आणण्याआधी गाडी का तापली ते शोधा. रेडिएटर चोंदलाय का, वॉटर पंप गळतोय का, फॅन बेल्ट सैल आहे का? थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मला ती मुळीच पटत नाही. इंजिन मग नीट तापतच नाही आणि आतून लवकर झिजतं. कारण न शोधता हेड बसवलं, तर तेच काम पुन्हा काढावं लागतं.

2. ऑइलच्या झाकणाखाली जरासा पांढरा फेस दिसला म्हणून लगेच इंजिन उघडू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येऊ लागले किंवा बाहेर कुठेही न गळता पाणी कमी होऊ लागलं, तर मात्र थांबा. कॉम्प्रेशन तपासा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम पडलं असेल, तर गॅस्केट बहुधा त्या दोघांच्या मधेच जळलंय.

आमच्या पद्मिनीचं हेड उतरवलं तेव्हा गॅस्केटवर ती जागा स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर पत्र्याची कड तुटलेली आणि तिथून काजळीची काळी रेघ आरपार गेलेली. काम करणाऱ्या आमच्या वस्तादांनी ब्लॉकवर त्याच जागी नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

3. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हेडला पाना लावायचा नाही. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत जायचं.

4. पुश रॉड ज्या जागेवरून निघाले, त्याच जागी परत गेले पाहिजेत. पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचून ठेवा.

5. हेडवर सरळ पट्टी लांबीने आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज घालून पाहा. वाक असेल तरच फेसिंग करा, तेही कमीत कमी. दर वेळी धातू जातो, तो परत येत नाही.

6. आमच्याकडे वडाळ्याच्या मिठागरांकडून खारी हवा येते. साफ केलेल्या बिडावर रात्रीत तांबूस थर चढतो. सिलिंडरला ऑइल लावून ब्लॉक स्वच्छ कापडाने झाका. हेड फेसिंगला गेलं असेल, तर हे विसरून चालत नाही.

7. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका. ओलं करून, तोंडाला नीट मास्क लावून काढा. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नका. खाली दाब अडकतो, टॉर्क खोटा दिसतो आणि वेळप्रसंगी ब्लॉकही तडकतो.

8. आवळताना मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच. आकडा मॅन्युअलमधलाच. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, वस्तादांचाही नव्हता. या जुन्या धाटणीचं गॅस्केट थोडं चालल्यावर दबतं, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर गार इंजिनावर पुन्हा टॉर्क द्यायचा. मग टॅपेट परत सेट करायचे, कारण हेड किंचित खाली बसलं की त्यांचं अंतरही बदलतं.