नाताळची बिअर : बाटल्या नव्हे, टक्के मोजा

प्रश्न : आम्ही बेल्जियममध्ये गेंट शहरात राहतो. यंदा नाताळच्या सुट्टीत आई-बाबा नाशिकहून आले आहेत. बाबांचं वय ६९. त्यांना मधुमेह आणि ब्लडप्रेशर, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. अधूनमधून ते बिअर घेतात. इथे या दिवसांत खास नाताळच्या बिअर मिळतात. त्यातल्या सहा वेगवेगळ्या बाटल्या मी आणून ठेवल्या आहेत. २४ तारखेला कुठे जायचं नाही, गाडी चालवायची नाही. बाबांबरोबर घरीच निवांत बसायचा बेत आहे. बायकोला पाचवा महिना आहे. तिने नुसती चव घेतली तर चालेल का? शेवटी बिअरच आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही ना?

उत्तर : वर्षातून एकदा आई-बाबा घरी येतात आणि तुम्ही त्यांच्यासोबत शांतपणे सण साजरा करता, याचा मला मनापासून आनंद आहे. तो बेत मोडू नका. फक्त ‘शेवटी बिअरच आहे’ हा समज आधी दूर करू या, कारण या दिवसांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

बाटली तीच, आतला माल दुप्पट

बेल्जियममधली रोजची पिल्सनर बिअर साधारण ५ टक्के अल्कोहोलची असते. नाताळच्या बिअर वेगळ्या. त्या बहुधा गडद, गोडसर आणि जड असतात. काहींत संत्र्याची साल, धणे, दालचिनी असे मसालेही घालतात. डेलिरियम नोएल किंवा सेंट बर्नार्डस ख्रिसमस एल १० टक्क्यांच्या आहेत. ‘स्टिले नाख्त’ १२ टक्क्यांची. ऑस्ट्रियातली सामिक्लाउस तर १४ टक्क्यांची. ती वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी बनवायला घेतात. वाइनमध्ये जेवढं अल्कोहोल असतं, जवळपास तेवढंच हे झालं. पण वाइन आपण बेताने ओततो आणि बिअर ग्लास भरून घेतो.

हिशेब सोपा आहे. बाटली किती मिलिलिटरची ते पाहा, त्याला लेबलावरच्या टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा आणि येणाऱ्या आकड्याला ०.८ ने गुणा. म्हणजे पोटात किती ग्रॅम अल्कोहोल जाणार ते कळतं.

साधी पिल्सनर, २५० मिली, ५ टक्के : १० ग्रॅम. युरोपात बऱ्याच ठिकाणी यालाच एक प्रमाणित ग्लास धरतात.
नाताळची बिअर, ३३० मिली, १० टक्के : सुमारे २६ ग्रॅम.
नाताळची बिअर, ३३० मिली, १२ टक्के : सुमारे ३२ ग्रॅम.
मोठी बाटली, ७५० मिली, १० टक्के : ६० ग्रॅम, म्हणजे सहा ग्लास.

आता तुमच्या सहा बाटल्या घेऊ. सगळ्या १० टक्क्यांच्या धरल्या आणि त्या तुम्हा दोघांत संपल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन बाटल्या आल्या. ‘तीन बिअर’ ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात ते जवळजवळ ८० ग्रॅम, म्हणजे आठ ग्लास झाले. ब्रिटनमधल्या आरोग्य सल्ल्यानुसार प्रौढांनी अख्ख्या आठवड्यात ११२ ग्रॅमच्या वर जाऊ नये, तेही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. त्यातला बराचसा भाग तुम्ही एका संध्याकाळीच संपवाल. ही मर्यादा निर्धोकपणाची हमीही नाही. अल्कोहोल हे कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. जितकं कमी, तितकं बरं.

घरी बसलं की हात सैल सुटतो

बाहेर गेलं की बिल येतं, परतीची गाडी असते, दुकान बंद व्हायची वेळ असते. घरात यातलं काहीच नसतं. त्यातच तुमच्याकडे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दुकानं बंद, रस्ते सुनसान. चारलाच पहिली बाटली उघडली जाते आणि जेवण आठला. त्या चार तासांत रिकाम्या पोटी किती गेलं, याचा पत्ता लागत नाही. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. कॉफी, थंड पाणी, खिडकी उघडून घेतलेली गार हवा, कशानेही तो वेग वाढत नाही. म्हणून आधी जेवायला बसा आणि बाटली जेवणाबरोबरच उघडा.

मीठ लावलेले शेंगदाणे आणि चीजचे तुकडे यांना मी जेवण म्हणत नाही. त्यांनी तहान वाढते, ब्लडप्रेशरच्या माणसाला मीठ जास्त होतं आणि ग्लास लवकर रिकामा होतो. ज्यांना गाउटचा त्रास आहे, म्हणजे पायाचा अंगठा सुजून ठणकतो, त्यांनी बिअर आणि शिंपले किंवा लिव्हर पाते एकत्र घेऊ नये. तिन्हींमुळे युरिक अॅसिड चढतं.

बाबांसाठी

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ बाबांच्या गोळ्यांबद्दलची आहे. त्यांच्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन आहे का, ते आज पाहून घ्या. ही औषधं साखर खाली आणतात. जेवणानंतर बराच वेळ गेला की यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडतं आणि आपल्याला सावरतं. अल्कोहोल यकृताचं हे काम थांबवतं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ती लगेच उतरेल असं नाही; मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरते. बिअर गोड आहे म्हणून साखर वाढेल, असं समजून त्या रात्री भात-पोळी टाळणं ही घातक चूक आहे.

साखर उतरलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस सारखेच दिसतात. दरदरून घाम, हातांना कंप, बोलणं अडखळणं, चिडचिड, गुंगी. घरचे म्हणतात, ‘जरा जास्त झाली, झोपू दे.’ असं कधीही करू नका. आधी ग्लुकोमीटर काढा. साखर ७० च्या खाली असेल (मिलिमोल दाखवणाऱ्या मीटरवर ३.९), तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि बरं वाटल्यावर पोळी किंवा भात खायला घाला. मीटर हाताशी नसेल तर वाट न पाहता साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि ११२ ला फोन करा. ‘मधुमेही आहेत, गोळी चालू आहे, बिअर घेतली आहे’ ही तीन वाक्यं सांगा.

नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर उतरण्याची भीती कमी, पण भरपूर दारू झाली तर रक्तात लॅक्टिक अॅसिड साचण्याचा धोका असतो. किडनी किंवा यकृत आधीच अशक्त असेल तर तो आणखी वाढतो. रक्त पातळ करणारं औषध, झोपेची गोळी, सर्दीसाठी घेतलेली गुंगी आणणारी गोळी यांच्याबरोबर दारू नकोच. मेट्रोनिडॅझोलसारखं औषध चालू असेल तर मुळीच नाही.

आणखी एक साधी गोष्ट. गेंटमधल्या जुन्या घरांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात. वयानुसार शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढ्याच बिअरने वयस्कर माणसाच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं. ब्लडप्रेशरच्या गोळीवर उभं राहताना चक्कर येते ती वेगळीच. बिअर पिऊन झोपलेला माणूस रात्री लघवीला हमखास उठतो. बाबांची झोपायची सोय शक्यतो संडास-बाथरूम असेल त्याच मजल्यावर करा आणि वाटेत दिवा चालू ठेवा.

बायकोसाठी

गर्भारपणात चवीपुरतीही नको. अल्कोहोल वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि ते निपटण्याइतकं बाळाचं यकृत तयार नसतं. आधी नकळत एखादा घोट गेला असेल तर जीवाला लावून घेऊ नका, आता थांबा. बिनअल्कोहोल बिअर घ्यायची तर लेबलावर ०.० लिहिलेलीच घ्या. ‘अल्कोहोलमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिअरमध्ये अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. आणि त्या संध्याकाळी ती एकटी पडणार नाही, हे तुम्ही पाहा. तिच्यासाठीही काहीतरी खास, छान ग्लासात ओतलेलं पेय टेबलावर असू द्या.

वसई, गोव्याच्या वाचकांसाठी

आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलीची. ‘स्ट्राँग’ बिअर ८ टक्क्यांची असेल तर त्या एका बाटलीत जवळजवळ ४२ ग्रॅम अल्कोहोल असतं. मध्यरात्रीच्या मिस्साला किंवा पाहुण्यांकडे जायचं असेल तर गाडी चालवणाऱ्याने काहीच घेऊ नये. आपल्या कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. रात्री उशिरापर्यंत प्यालेली दारू सकाळीही रक्तात असू शकते, हेही ध्यानात असू द्या.

मग बेत कसा असावा?

बाबांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझा पहिला सल्ला ०.० बिअरचा. तिच्यातही साखर असते, तेव्हा एकच ग्लास. त्यांना खरी चव घ्यायचीच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. त्यांनी हो म्हटलं तर एकच छोटा ग्लास, १०० मिलीचा, जेवणाबरोबर. झोपण्याआधी आणि सकाळी उठल्याबरोबर साखर तपासायची.

तुम्ही स्वतः संध्याकाळी एका बाटलीवर थांबा. १० टक्क्यांची ३३० मिलीची एक बाटली म्हणजे अडीच ग्लासांहून जास्त. हे आरोग्याचं माप नव्हे, त्या दिवसाची शेवटची रेघ समजा. दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. उरलेल्या पाच बाटल्या नाताळात संपवायची घाई नाही. इतक्या तीव्र बिअर अंधाऱ्या, थंड जागी उभ्या ठेवल्या तर महिनोन्महिने टिकतात. अनेक जण त्या मुद्दाम मुरायला ठेवतात.

आपल्याला रोज दारू लागतेच, न घेतल्यास सकाळी हात थरथरतात, असं घरातल्या कुणाला होत असेल तर सणाच्या निमित्ताने एकदम बंद करायला लावू नका. त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सोडवता येते, आणि त्यासाठी मदत मागण्यात कमीपणा काही नाही.

पिण्यानंतर छातीत धडधड सुरू झाली, ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर ‘गॅस झाला’ म्हणून बसून राहू नका. सुट्ट्यांतल्या अति पिण्याने हृदयाची लय बिघडते, हे डॉक्टरांनी १९७८ पासून नोंदवलेलं आहे. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा माणूस हाक मारूनही जागा होईना, तर युरोपात आणि भारतातही ११२ हाच नंबर. तो आजच मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. पाहुण्या आलेल्या आई-बाबांनाही तो पाठ हवा.