गोलंदाज बाळू पाळवणकर

तलासरीकडील मुले मुंबईस जाण्यासाठी डहाणूला येऊन पश्चिम रेल्वेची गाडी धरतात. १९५१ पूर्वी हा मार्ग 'बी. बी. अँड सी. आय.' या रेल्वे कंपनीचा होता. तिच्या नोकरीत एकेकाळी एक डावखुरा गोलंदाज होता. त्याचे नाव बाळू पाळवणकर. हिंदुस्थानच्या आरंभीच्या थोर गोलंदाजांत त्यांची गणना होते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील सैन्यात चाकरीस होते. त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात, छावणीच्या परिसरात गेले. तेथे पारशी लोकांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम त्यांना मिळाले. पगार महिना तीन रुपये! १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर गेले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, चुन्याच्या रेघा ओढाव्यात, सरावाच्या जाळ्या बांधाव्यात, हे त्यांचे काम. फावल्या वेळात साहेब लोक त्यांना चेंडू टाकावयास सांगत. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे नामांकित फलंदाज. त्यांना बाळू तासन् तास गोलंदाजी करीत. आपणांस बाद केल्यास दर खेपेस ग्रेगसाहेब आठ आणे देत, असे सांगतात. पण इतक्या वर्षांत बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही.

बाळूंचे कौशल्य पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेले. त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. अखेर घेतले, परंतु कसे? मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांच्या हाती फिरे. त्याचा विटाळ कोणास होत नसे. चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून कपांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळ्या जागी. सामना जिंकून देणाऱ्या माणसाला ही वागणूक! बाळूंनी उत्तर दिले ते चेंडूने.

पुढे ते मुंबईस आले. रेल्वेच्या नोकरीबरोबर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंचा आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. हळूहळू पंक्तिभेद सैल पडू लागला. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली जुन्या खेळाडूंत अग्रगण्य असलेल्या बाळूंना वगळले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी खेळण्यास नकार दिला. लोकांतही चर्चा झाली. मग बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे थोडा वेळ त्यांच्या हाती आली. तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावास नाकारलेला मान धाकट्यास मिळाला.

पुढे बाळू राजकारणातही उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तुमच्या गावच्या मैदानावर कोणी रूळ फिरवीत असेल, कोणी रेघा ओढीत असेल. त्याच्या हातीही एकदा चेंडू देऊन पाहा. आणि बॅट देण्यासही विसरू नका.

स्वाध्याय
१. युरोपियन क्लबात बाळूंना कोणकोणती कामे करावी लागत?
२. 'चेंडूचा विटाळ कोणास होत नसे', या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
३. विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्यास नकार का दिला? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
४. वाक्यांत उपयोग करा : कानी जाणे, गणना होणे, सूत्रे हाती येणे.