संगणकाचं घड्याळ चुकतंय? आधी किती चुकलंय ते पाहा



आजचा पाठ घरातल्या संगणकाच्या घड्याळाचा आहे. विषय छोटा वाटेल, पण याच घड्याळापायी माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला होता. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

आठवीच्या वर्गाला मी प्रकल्प टाइप करून आणायला सांगितला होता. विषय होता 'आपल्या गावातील पाण्याचे स्रोत'. एका मुलीने पेन ड्राइव्हवर फाईल आणली. काम इतकं नीटनेटकं होतं की मला शंका आली. फाईलची माहिती उघडली, तर शेवटचा बदल केल्याची तारीख १ जानेवारी २०१०! मी वर्गासमोरच म्हणालो, "ही तर जुनी फाईल आहे. कुणाची आणलीस?" ती एवढंच म्हणाली, "सर, मीच केलंय, परवा रात्री." मी ऐकलं नाही.

दोन दिवसांनी तिचे वडील भेटायला आले. तक्रार करायला नव्हे, मदत मागायला. "सर, कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीच्या फॉर्मची साईटच उघडंना. दुकानदार म्हणतोय विंडोज नवीन टाकावं लागंल, आतलं सगळं जाईल. आणि लाईट गेली की ह्याची तारीखच बदलतीय बघा." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. संगणक चालू केला. उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१०.

मुलगी खरं बोलत होती, घड्याळ खोटं बोलत होतं. मी घड्याळावर विश्वास ठेवला आणि मुलीवर नाही. दुसऱ्या दिवशी ज्या वर्गासमोर तिला बोललो होतो, त्याच वर्गासमोर तिची माफी मागितली. आणि त्याच तासाला हा पाठ घेतला.

पाठाचा गाभा

घड्याळ चुकलं की आपण लगेच वेळ दुरुस्त करतो आणि विसरून जातो. तसं करू नका. आधी मोबाईलवरची वेळ आणि संगणकावरची वेळ शेजारी शेजारी कागदावर लिहा आणि वजाबाकी करा. डॉक्टर जसं आधी ताप किती आहे ते पाहतात, तसं आधी फरक किती आहे ते पाहा. फरकावरूनच बहुतेक वेळा बिघाड कळतो.

संगणकात घड्याळं दोन असतात

पहिलं घड्याळ मदरबोर्डवर असतं. संगणक बंद असतानाही ते चालतं. त्यात क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का? मुलांना ३२,७६८ ला २ ने भागत जायला सांगा. बरोबर १५ वेळा भागलं की उत्तर १ येतं. म्हणजे निम्मं-निम्मं करत गेलं की सेकंदाला एक ठोका मिळतो. आपल्या मनगटी घड्याळातही बहुधा हाच स्फटिक असतो.

दुसरं घड्याळ विंडोजचं. संगणक चालू होताना ते पहिल्या घड्याळाकडून वेळ घेतं आणि मग स्वतः मोजत राहतं. इंटरनेट असेल तर अधूनमधून बाहेरच्या अचूक घड्याळाशी ताडूनही पाहतं. यालाच सिंक करणं, म्हणजे वेळ जुळवणं म्हणतात.

फरक पाहा, बिघाड ओळखा

१) काही वर्षं मागे, आणि लाईट गेल्यावर पुन्हा तसंच: मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा हा सेल बहुतेक संगणकांत 'सीआर २०३२' नावाचा असतो. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणकाला बोर्डातून वीज मिळत असते, तोवर संपलेला सेल लक्षातच येत नाही. वीज तुटली की पहिलं घड्याळ थांबतं आणि संगणक कारखान्यात ठरवून दिलेल्या तारखेवर परत जातो. आपल्याकडे धारूरला लाईट जाते, शिवाय रात्री बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते. त्यामुळे हा बिघाड आपल्याला रोज सकाळी भेटतो.

२) बरोबर साडेपाच तासांचा फरक: एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ आहे असं लिनक्स धरून चालतं, तर विंडोज तीच वेळ भारतीय समजतं. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की सकाळचे ११ वाजलेले असताना पहाटेचे साडेपाच दिसतात. सेल बदलून काही होणार नाही. दोघांपैकी एकाची समजूत बदलावी लागते. लिनक्समध्ये त्यासाठी सेटिंग असते.

३) साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे, मिनिटं मात्र अर्ध्या तासाने वेगळी: विंडोज नवीन टाकल्यावर टाइम झोन अमेरिकेचा राहून गेला आहे. वेळेचे आकडे हाताने बदलत बसू नका, पुन्हा चुकतील. टाइम झोनच्या यादीतून 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' ही ओळ निवडा.

४) बरोबर बारा तास: एएम आणि पीएमची गल्लत. कुणीतरी हाताने वेळ लावली आहे.

५) काही मिनिटं पुढे किंवा मागे: बिघाड नाही, सिंक बंद पडलं आहे. साधा स्फटिक दिवसाला एक-दोन सेकंद चुकू शकतो. दिवसाला दीड सेकंद धरलं तर महिन्याला ४५ सेकंद आणि वर्षाला नऊ मिनिटं होतात. हे गणित मुलांकडून करून घ्या.

साईट का उघडत नव्हती?

आपल्याकडे खेड्यांतून मुलं एसटीचा मासिक पास काढून शाळेत येतात. पासावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. समजा, कंडक्टरकडचं कॅलेंडरच दहा वर्षांपूर्वीचं असेल तर? तो म्हणेल, "तुझा पास अजून सुरूच झालेला नाही, उतर खाली." पास खरा, मुलगा खरा, चूक कॅलेंडरची.

सुरक्षित साईटकडेही असाच पास असतो. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. ब्राउझर त्यावरच्या तारखा आपल्या संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो. संगणकात २०१० साल असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. मग 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' किंवा 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असा संदेश येतो. असा संदेश दिसला की दुकानात जाण्याआधी उजव्या कोपऱ्यात पाहा. त्या घरी तारीख बरोबर केली आणि फॉर्मची साईट लगेच उघडली. विंडोज नवीन टाकलं असतं तर घरातले फोटो आणि मुलीचा प्रकल्प फुकट गेला असता. आणि सेल तसाच राहिल्यामुळे लाईट गेल्यावर पुन्हा तेच झालं असतं.

वेळ कशी जुळवायची

विंडोज १० किंवा ११ असेल तर खालच्या घड्याळावर राईट क्लिक करा आणि 'ॲडजस्ट डेट अँड टाइम' उघडा. आधी टाइम झोन तपासा. मग 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा आणि शेवटी 'सिंक नाऊ' दाबा. विंडोज ७ मध्ये घड्याळावर क्लिक करून तारीख-वेळेची सेटिंग उघडा. तिथे 'इंटरनेट टाइम' या भागात 'अपडेट नाऊ' मिळेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फरक खूप मोठा असेल तर घरच्या संगणकावर विंडोज आपोआप वेळ जुळवत नाही. ठरलेली मर्यादा १५ तासांची आहे. एवढा मोठा फरक म्हणजे काहीतरी गडबड आहे असं समजून ते थांबतं. त्यामुळे सेल संपलेल्या संगणकावर आधी तारीख आणि वेळ हाताने लावा, मग सिंक करा. अनेक जण इथेच अडकतात.

तरीही सिंक होत नसेल तर पुढच्या गोष्टी क्रमाने पाहा. इंटरनेट चालू आहे का? 'सर्व्हिसेस'च्या यादीत 'विंडोज टाइम' बंद तर नाही ना? अँटिव्हायरस किंवा शाळेच्या नेटवर्कचा फायरवॉल अडवत नाही ना? वेळेचे निरोप १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात आणि काही ठिकाणी तो बंद ठेवलेला असतो. एकदा मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा. तिथे झालं, तर अडचण तुमच्या संगणकात नाही, नेटवर्कमध्ये आहे.

सेल बदलताना

सेल साधारण शंभर रुपयांच्या आत मिळतो. संगणक बंद करा, वायर बोर्डातून काढा, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा. बाजूचं झाकण उघडून आधी पेटीच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. जुन्या सेलची अधिक चिन्हाची बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढा. खाच हलकेच दाबली की सेल वर येतो. नवा बसवल्यावर संगणक चालू होतानाच डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा आणि तारीख लावून सेव्ह करा. बायोसच्या बाकीच्या सेटिंगही मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून सेल काढण्याआधी त्या पानांचे फोटो काढून ठेवा. लॅपटॉप मात्र घरी उघडू नका.

पालकहो, एक कळकळीची सूचना. जुना सेल टेबलावर टाकून ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही आत गंभीर भाजतं. संपलेला सेलसुद्धा धोकादायक असतो. शंका आली तरी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

वर्गात करायची कृती: ऑफिसचं घड्याळ

इंटरनेटवरून वेळ येते, पण निरोप यायलाही वेळ लागतो. मग अचूक वेळ कशी कळते? हे मुलांना असं दाखवता येतं.

वर्गातल्या घड्याळात १० वाजता एका मुलाला ऑफिसमध्ये पाठवा. त्याने तिथलं घड्याळ पाहायचं आणि लगेच परत यायचं. समजा, तो वर्गाच्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ४ मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, "तिथं १० वाजून ७ मिनिटं झाली होती." जायला-यायला मिळून ४ मिनिटं लागली, म्हणजे त्याने घड्याळ पाहिलं तेव्हा वर्गात १०:०२ झाले असणार. म्हणून वर्गाचं घड्याळ ५ मिनिटं मागे आहे. संगणकही हेच करतो. या पद्धतीला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल म्हणतात आणि १९८० च्या दशकात ती डेव्हिड मिल्स यांनी तयार केली. मग मुलांना विचारा, "येताना पोरगं नळावर रेंगाळलं तर?" जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसेल तर उत्तर चुकतं. इंटरनेटवरही तसंच होतं, म्हणून संगणक पुन्हा पुन्हा विचारतो.

आपली वेळ येते कुठून?

भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते. तिथे सेकंद मोजतात तो सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांनी. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. आपलं धारूर साधारण ७६ अंशांवर आहे. फरक साडेसहा अंशांचा. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २६ मिनिटं. म्हणून किल्ल्यावर काठी रोवली तर तिची सर्वांत आखूड सावली १२ वाजता नाही, सरासरी १२:२६ च्या सुमारास पडते. ऋतूप्रमाणे ही वेळही सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१० च्या जवळ, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२:४० च्या आसपास असते.

म्हणजे सूर्याची वेळ वेगळी आणि घड्याळाची वेगळी. सगळ्यांनी मिळून एक वेळ मानायची असं आपण ठरवलं आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. एकाच शहरात 'कोणत्या घड्याळाप्रमाणे?' असं विचारावं लागत असे.

स्वाध्याय

१) घरातली सर्व घड्याळं मोबाईलशी ताडून फरकाचा तक्ता करा. आठ दिवसांनी पुन्हा ताडून पाहा. कोणाचा फरक वाढला?
२) एका संगणकावर कालची तारीख आणि रात्रीचे साडेनऊ दिसतात. प्रत्यक्षात आज सकाळचे ११ वाजले आहेत. बिघाड कोणता?
३) महिनाभर एखाद्या ठरावीक वारी काठीच्या सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवा.

आणि शिक्षक मित्रांनो, एक स्वाध्याय आपल्यासाठीही. फाईलवरची तारीख म्हणजे मुलाचा शब्द नव्हे, ती त्या संगणकाच्या घड्याळाची साक्ष असते. मुलाला बोलण्याआधी त्या घड्याळाचा सेल तपासा. तेव्हा मी फक्त एवढंच विचारायला हवं होतं, "बाळा, तुझ्या कॉम्प्युटरवर आत्ता तारीख कोणती दिसते?"