पहाट सर्वांची एकाच वेळी होत नाही

वाचन : मार्क १:३२-३९; १ राजे १९:१-८; स्तोत्रसंहिता १२७:१-२; नीतिसूत्रे २७:१४

पहाटे उठावे, तोंड धुऊन दिव्याजवळ बसावे, शास्त्र वाचावे, प्रार्थना करावी आणि मग कामास लागावे, हे आपल्या मंडळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले आहे. ते शिक्षण चांगले आहे व ते मोडावे असा आमचा हेतू नाही. परंतु या चांगल्या सवयीचा काही घरांत जाच होतो. त्याविषयी संडेस्कूलच्या शिक्षकांनी थोडा विचार करावा म्हणून हा पाठ.

सुरतेचेच उदाहरण घेऊ. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. नंदुरबार, अमळनेर, जळगाव येथून ताप्तीकाठच्या रेल्वेने उधन्यास यावे आणि यंत्रमागावर किंवा साड्यांच्या कामात पोट भरावे, हा क्रम फार वर्षांचा आहे. अनेक यंत्रमाग कारखान्यांत बारा बारा तासांच्या दोनच पाळ्या असतात : सकाळी सात ते संध्याकाळी सात, आणि संध्याकाळी सात ते सकाळी सात. रात्रभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस आठ वाजता घरी पोहोचतो. त्याला पाच वाजताच्या उपासनेचा उपदेश करून काय साधणार? ती वेळ त्याच्या पाळीतली सर्वांत कठीण वेळ असते. डोळे मिटू लागतात आणि हात यंत्राजवळ असतात.

त्याच घरातील आईकडे पाहा. नवऱ्याची किंवा मुलाची दिवसपाळी असेल तर डबा सहापर्यंत तयार हवा. म्हणजे ती साडेचारलाच उठलेली असते. तिच्याइतके लवकर कोणी उठत नाही. तरीही पहाटेचे मनन होत नाही म्हणून स्वतःला आळशी समजणाऱ्या भगिनी आपल्या महिला मंडळांत असतात. तिला आणखी अर्धा तास आधी उठ असे सांगणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. डबे गेल्यावर, धाकटी मुले उठण्याआधी मिळणारी वीस मिनिटे हीच तिची खरी पहाट होय.

आता घड्याळाविषयी थोडे. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे, आणि सुरत जवळजवळ ७३ अंशांवर आहे. त्यामुळे सुरतेत घड्याळ सूर्याच्या सुमारे ३९ मिनिटे पुढे असते. आपण पाच म्हणतो तेव्हा सूर्याच्या हिशेबाने साडेचारही झालेले नसतात. जानेवारीत येथे सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो. जूनमध्ये सहाच्या आसपास. कोलकात्यात मात्र उलट आहे. तेथे घड्याळच सूर्याच्या मागे राहते. तेव्हा सर्व देशाने एकाच आकड्याला ‘पहाट’ म्हणावे यात शास्त्रवचनाचा आधार काही नाही.

शरीरातही एक घड्याळ आहे. पेशींतील हे घड्याळ कसे चालते याचा शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सर्वांचे सारखे लावलेले नसते. किशोरवयात ते उशिराकडे सरकते, म्हातारपणी लवकरकडे. म्हणून आजोबा चारला आपोआप जागे होतात आणि दहावीतला नातू सातलाही हलत नाही. यात आजोबांचे पुण्य थोडे आणि नातवाचा दोषही थोडाच. नीतिसूत्रे २७:१४ येथे मोठ्या आवाजात पहाटे शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याविषयी काय म्हटले आहे ते आजोबांनी अवश्य वाचावे!

प्रभूच्या उदाहरणाचे काय, असे कोणी विचारील. मार्कच्या पहिल्या अध्यायात तो फार पहाटे उठून एकांती गेला हे खरे. पण संदर्भ पाहा. आदल्या संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते. दिवस उजाडल्यावर एकांत मिळणार नव्हता. एकांत जेथे सापडेल तेथे त्याने तो घेतला. लूक ६:१२ मध्ये तो सारी रात्र प्रार्थनेत राहिला, आणि मार्क ४:३८ मध्ये भर वादळात तारवात झोपला होता. एलीयाची गोष्ट तर अधिक स्पष्ट आहे. झुडपाखाली मरण मागणाऱ्या त्या थकलेल्या संदेष्ट्यास देवदूताने उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाचा प्रश्न त्याला होरेबावर आला, फार नंतर.

मान्ना ऊन पडल्यावर वितळत असे, म्हणून उशीर नको, असाही आक्षेप येतो. तो योग्य आहे. पुढे ढकललेली उपासना बहुधा राहूनच जाते. मात्र त्याच अध्यायात प्रत्येकाने आपापल्या खाण्याच्या मानाने गोळा केले असेही आहे.

जॉन वेस्ली साठ वर्षे पहाटे चारला उठत असत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते चार वाजता कसे पोहोचले हे फारसे सांगितले जात नाही. तरुणपणी त्यांना रोज मध्यरात्री जाग येई. आपण गरजेपेक्षा जास्त वेळ अंथरुणात राहतो की काय, असे वाटून त्यांनी गजराचे घड्याळ आणले. एके दिवशी सात, मग सहा, मग पाच, मग चार, असे करता करता मधली जाग थांबली. आपल्याला साडेसहा तास झोप लागते, त्याहून कमी चालत नाही, हे त्यांनी स्वतः लिहिले, आणि प्रत्येकाने आपल्या प्रकृतीप्रमाणे असाच प्रयोग करावा असे सुचविले. रात्री लवकर निजल्याशिवाय चार वाजता उठता येत नाही, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. आजचे डॉक्टर मोठ्या माणसास निदान सात तास सांगतात.

तेव्हा बदल करायचा तो झोपेच्या टोकापासून करावा. उठण्याची वेळ पंधरा पंधरा मिनिटांनी मागे आणावी, एका वेळेवर आठवडाभर टिकावे, आणि निजण्याची वेळही तितकीच मागे घ्यावी. उठल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटे बहुतेकांचे डोके जड असते. त्या वेळी लेवीय काढून बसू नये. पाणी भरावे, दारात उजेडात उभे राहावे, एखादे पाठ असलेले स्तोत्र म्हणावे. वाचन नंतर करावे. ज्यांचे मन संध्याकाळी ताजे असते त्यांनी सकाळी दोन मिनिटांची प्रार्थना करून अभ्यास दिवेलागणीनंतर ठेवावा. रात्रपाळीवाल्याने घरी येताना टोपी किंवा काळा चष्मा वापरावा, म्हणजे उन्हाने झोप उडत नाही. दार लावून आधी निजावे, आणि दुपारी उठल्यावर शास्त्र उघडावे. घरच्यांनी त्या वेळी रेडिओ, टीव्ही लहान ठेवावा. ही त्याच्या उपासनेस मोठी मदत आहे.

वर्गासाठी : पुढील रविवारी प्रत्येकाने एक कागद आणावा. त्यावर सात दिवस निजण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि मन सर्वांत ताजे असल्याची वेळ लिहिलेली असावी. शिक्षकांनीही आपला कागद आणावा. कागद कोणी कोणाशी ताडून पाहू नयेत. ज्याच्या कागदावर सहा तासांपेक्षा कमी झोप दिसेल, त्याच्याशी प्रार्थनेच्या वेळेविषयी बोलण्याआधी त्याच्या पाळीविषयी विचारावे.