पडलेल्या मांजराची शुश्रूषा



मांजर कोठूनही पडलें तरी चार पायांवरच उतरतें, असें आपल्याकडे घरोघर म्हणतात. या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु त्यावर विसंबून पुष्कळ जण फसतात. गच्चीवरून पडलेलें मांजर उठून चालूं लागलें कीं त्यास कांहींच झालें नाहीं असें समजून मंडळी स्वस्थ बसतात, आणि दुसऱ्या दिवशीं तें पलंगाखालीं मरून पडलेलें आढळतें. असें कां होतें, व तें टाळण्यास आपण काय करावें, हें या पाठांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम पडण्याचाच विचार करूं. १८९४ सालीं एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें पडत्या मांजराचीं एकामागून एक जलद छायाचित्रें घेतलीं. त्यांवरून असें दिसून आलें कीं, मांजर हवेंतच आधीं शरीराचा पुढचा भाग व मग मागचा भाग वळवितें आणि पाय खालीं आणतें. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय व अतिशय लवचिक कणा यांच्या बळावर त्यास हें साधतें. परंतु पाय खालीं आले म्हणून आघात नाहींसा होत नाहीं. पाय वांकतात आणि छाती व हनुवटी जमिनीवर आदळतात.

१९८७ सालीं न्यूयॉर्क येथील दोन पशुवैद्यांनीं, उंच इमारतींवरून पडून रुग्णालयांत आणलेल्या १३२ मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. तीं सरासरीनें साडेपांच मजल्यांवरून पडलीं होतीं. दहांतील नऊ मांजरांच्या छातीस इजा झाली होती. आणि ज्यांवर उपचार झाले त्यांपैकीं शेंकडा ९० वांचलीं. हा आंकडा वाचून हुरळून मात्र जाऊं नये. जीं जागच्या जागीं मेलीं तीं रुग्णालयांत आलींच नाहींत, व म्हणून या गणतींतही नाहींत. तथापि यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मोठी इजा पुष्कळदां शरीराच्या आंत असते, आणि वेळीं उपचार मिळाल्यास आशेला जागा असते.

आतां प्रत्यक्ष मदतीकडे वळूं. असें मांजर दिसल्यास आधीं वडील माणसास हांक मारावी. वेदना व भीति यांमुळें अत्यंत माणसाळलेलें मांजरही चावतें. त्याच्यावर जाड पंचा हलकेच टाकून, पाठ वांकूं न देतां त्यास सपाट फळीवर किंवा पुठ्ठ्यावर सरकवावें आणि हवा खेळेल अशा खोक्यांत ठेवावें. तें चावलें वा त्यानें ओरबाडलें तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पिसाळीचा रोग मांजरापासूनही होतो व एकदां जडला कीं तो प्राण घेतो. म्हणून ही गोष्ट घरीं कोणीही लपवूं नये.

नंतर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली श्वास. मांजर नाकानें शांतपणें श्वास घेतें. तें तोंड उघडून धापा टाकूं लागल्यास एक क्षणही दवडूं नये. दुसरी हिरड्या. त्या गुलाबी असाव्या. पांढऱ्या फटक किंवा निळसर दिसल्यास धोका समजावा. तिसरी गोष्ट मागचे पाय व लघवी. पाय ओढले जात असल्यास, किंवा लघवी होत नसल्यास, तसें वैद्यास सांगावें. मांजर गुरगुरतें म्हणून तें सुखांत आहे असें मानूं नये. असह्य वेदनेंतही मांजरें तशीच गुरगुरतात. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडकें दाबून धरावें. मोडलेलें हाड बसवूं नये, कामट्या बांधूं नयेत, तोंडांत दूध ओतूं नये.

येथें एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. आपल्या घरांतील तापाची किंवा दुखण्याची गोळी मांजरास कधींही देऊं नये. पॅरासिटॅमॉल हें औषध पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते. त्या औषधानें त्याचें रक्त प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें, आणि एक गोळीही प्राणघातक ठरूं शकते. फिनेलनें जखम धुणें हेंही तसेंच घातक आहे. मांजर अंग चाटतें आणि तें विष पोटांत जातें. माया असून ज्ञान नसलें कीं मायेच्याच हातून असा घात होतो.

उपचाराचें स्थान पशुवैद्याचा दवाखाना हेंच होय. मुंबईंत परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें पशुरुग्णालय १८८३ सालीं स्थापन झालें, आणि १८८६ सालीं परळ येथेंच पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झालें. इतर ठिकाणीं जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोठें आहे हें संकट येण्यापूर्वींच विचारून ठेवावें.

मांजर घरीं परत आलें म्हणजे खरी कसोटी लागते. कमरेचें हाड मोडलें असतां वैद्य पुष्कळदां चार ते सहा आठवडे पिंजऱ्यांत विश्रांति देण्यास सांगतात. आठ-दहा दिवसांत मांजर टवटवीत दिसतें, बाहेर सोडा म्हणून ओरडतें, आणि मुलांचें मन द्रवतें. पण त्या वेळीं दार उघडल्यास एका उडीनें सारी मेहनत व्यर्थ जाते. पिंजरा शांत जागीं ठेवावा, अंथरूण रोज बदलावें, मातीचें तसराळें जवळ ठेवावें. अन्न किंचित् कोमट करून द्यावें, म्हणजे त्याच्या वासानें भूक चाळवते. पूर्ण एक दिवस अन्नास तोंड न लावल्यास वैद्यास कळवावें. कारण कांहीं दिवसांच्या उपासानें मांजराच्या यकृतांत चरबी सांठून नवाच रोग जडतो.

पालकांसही आमची एक विनंती आहे. कधीं कधीं वैद्य सांगतात कीं हें मांजर वांचणार नाहीं, त्यास वेदनेंतून सोडविणें हीच दया होय. अशा वेळीं तें कोठेंतरी निघून गेलें असें मुलांस सांगूं नये. सत्य सौम्य शब्दांत सांगावें. ज्या मुलानें शुश्रूषा केली, त्यास शोक करण्याचाही अधिकार आहे. आणि गॅलरीस व खिडकीस जाळी बसविणें हें कोणत्याही उपचाराहून स्वस्त आहे, हें विसरूं नये.

लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुम्हांस पाठ आहे. त्यानें जखमा बांधल्या, एवढेंच आपण लक्षांत ठेवतों. परंतु त्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें, दुसऱ्या दिवशीं पैसे काढून दिले, आणि अधिक खर्च लागल्यास परत येतांना फेडीन असें वचनही दिलें. रस्त्यावर कळवळा बहुतेकांस येतो. दुसऱ्या दिवसाची व सहाव्या आठवड्याची तरतूद थोडेच करतात. मुक्या जीवाच्या बाबतींत तुम्ही त्या थोड्यांपैकीं व्हावें, अशी आमची इच्छा आहे.